थांबू की जाऊ?

त्या दोघांची पहिली भेट झाली तेव्हा तिला त्याचे फक्त बूट दिसले.

लॉन्ड्रीतल्या तीन नंबरच्या धुण्याच्या मशीनमागून ते बाहेर आले होते. टाचा झिजलेल्या, एका बुटाची नाडी काळी, दुसऱ्याची तपकिरी. ते मशीन गेले काही दिवस असं धडधडत होतं, की भिंतीवरचं घड्याळसुद्धा धसक्याने मागे पडायला लागलं होतं. आणि ती? ती हॉटेलची भलीमोठी चादर धरून एकटीच उभी होती, कारण जोडीला घड्या घालणारी बाई रजेवर होती. एका हाताने टाळी वाजत नाही आणि एका माणसाने डबलबेडची चादर घडीला येत नाही.

"अहो बूटवाले!" ती ओरडली. "जरा बाहेर या. दोन हात हवेत."

"माझेच हवेत की कुणाचेही चालतील?" मशीनमागून तितक्याच जोरात उत्तर आलं.

"सध्या कुणाचेही चालतील!"

बूट सरकले, मग गुडघे आले, मग हातात लांब स्क्रूड्रायव्हर आणि गालावर ग्रीसचा पट्टा घेऊन एक माणूस उभा राहिला. मशीन कंपनीने पाठवलेला मिस्त्री. त्याने पांढऱ्याशुभ्र चादरीकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे पाहिलं... आणि सरळ नळावर गेला. कोपरापर्यंत साबण लावला, नखांतली काळी रेघ काढली, हात कोरडे केले आणि मगच चादरीची दोन टोकं उचलली.

कपड्याचा असा मान ठेवणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला. देवापुढे जाताना हात धुणारे पुष्कळ असतात. चादरीपुढे जाताना धुणारा विरळा.

"आता ताणा. झटका. आता माझ्याकडे या."

"इतक्यात?"

"चादर घेऊन या!"

तो आला, पण उलट्या बाजूने वळला, आणि चादरीला पीळ बसला.

"उजवीकडे म्हटलं ना!"

"तुमचं उजवं ते माझं डावं होतं हो."

"मग सोपं आहे. माझंच ऐकत जा." बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

टोकाला टोक मिळालं. तिने त्याच्या हातातली टोकं घेतली तेव्हा बोटांना बोटं लागली, आणि ड्रायरमधून आलेली चादर गरम होती म्हणून असेल... दोघांच्याही कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"तुम्हाला काय म्हणतात?" त्याने विचारलं.

"कामाच्या वेळी काही म्हणत नाहीत. काम झालं की आत्या ठकू म्हणते."

"मग मी ठकूताई म्हणू?"

तिने भुवई वर केली. "ताई?"

"नको, नको," तो घाईघाईने म्हणाला. "ताई नकोच."

आता वाचकहो, इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एवढ्या धडधडीत तिला त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता, त्याचं मिस्त्रीला मोठं नवल वाटलं. पण खरं नवल पुढेच आहे. ठकूला ऐकू यायचं ते गोंगाटातच! शांततेत येत नसे. काही जणांच्या कानांचा असा उरफाटा न्याय असतो. गोंगाट झाला की बाकीचे लोक आवाज चढवून बोलतात, आणि तो चढलेला आवाज अशा कानांना नेमका पुरतो. शांततेत मात्र लोक हळू बोलू लागतात, आणि तिथेच सगळं पुसट होतं.

हे दोन-तीन वर्षांपासून हळूहळू वाढत होतं, आणि तिने ते कुणालाही सांगितलं नव्हतं. एक शब्द हाताशी ठेवला होता, तो वापरून निभावून न्यायची. "हो हो." कुणी काही विचारलं, नीट कळलं नाही, की हसून मान हलवायची. "हो हो." शंभरातल्या नव्वद प्रश्नांना ते उत्तर चालून जातं. उरलेल्या दहांचंच संकट.

तिला एका गोष्टीचं मात्र खरं दुःख होतं. लहानपणी आत्या तिला प्रार्थनेच्या सभागृहात न्यायची. तिथे एक वृद्ध गायक गाऊन निरूपण करत. गोष्ट रंगवत, सूर चढवत, सगळं सभागृह हसवत. आणि मग अगदी शेवटी आवाज उतरवून, जवळजवळ पुटपुटत, गोष्टीचं मर्म सांगत. त्या वेळी लोकांचे डोळे भरून येत. अलीकडे ठकूला गाणं सगळं कळे, मर्म तेवढं निसटे. लोक हसले की तीही हसायची, एक क्षण उशिराने. लोकांनी डोळे पुसले की ती मान खाली घालायची. घरी येताना मनात यायचं, जगात महत्त्वाचं ते सगळं हळूच का बोलतात?

लॉन्ड्री आत्याची होती. आईबाप गेल्यावर आत्यानेच ठकूला वाढवलं. बाई एकटी, तोंडाची फटकळ, आतून खवा. पुढच्या काउंटरवर बसून गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे टक लावून बघायची. लोक म्हणत, म्हातारीची नजर करडी. कारण वेगळं होतं. ते पुढे येईलच.

मशीनचं नवं बेअरिंग कंपनीकडून यायला वेळ होता. तोवर मिस्त्री रोज येई, मशीन जपून चालवी आणि रिकाम्या वेळात चादरींची टोकं धरी. घड्या घालणारी बाई रजेवरून परतली तरी त्याने टोकं सोडली नाहीत. ती बिचारी समजूतदारपणे टॉवेलांकडे गेली.

एकदा तो मशीनच्या अंगाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून, मुठीवर कान टेकवून डोळे मिटून उभा होता.

"झोप लागली का?" ती ओरडली.

"ऐकतोय. आत काय दुखतंय ते विचारतोय. बघायचंय?"

त्याने स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. तिने मूठ कानामागच्या हाडाला टेकवली, आणि ती दचकलीच. केवढं स्वच्छ! पाण्याची घुसळण, पट्ट्याची सळसळ, आणि त्या सगळ्याखाली बारीक, करकरणारं काहीतरी.

"काहीतरी रडतंय," ती म्हणाली. "एका फेऱ्यात दोनदा. आधी हळू, मग जोरात."

त्याने चकित होऊन स्क्रूड्रायव्हर परत घेतला, बराच वेळ ऐकलं. "दोनदा! मला एकदाच कळलं होतं. म्हणजे पुढचंही बेअरिंग गेलंय." त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी खाणीतून निघालेल्या हिऱ्याकडे पाहावं. "ठकूबाई, तुमचा कान सोन्याचा आहे."

ती हसली. मग तिचं हसू हळूच मावळलं, आणि ते का, ते त्याला कळलं नाही.

बेअरिंगं आली. दोन दिवस मशीन उघडं पडलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याने ते पुन्हा जोडलं, बटण दाबलं... आणि तीन नंबर मांजरासारखं घुर्र करत फिरू लागलं. घड्या घालणाऱ्या बाईने टाळ्या वाजवल्या. आत्याने काउंटरवरून अंगठा उंचावून शाबासकी दिली. मिस्त्री आनंदाने फुलून ठकूपाशी आला. आता ओरडायचं कारण नव्हतं. आता कुठे तिच्याशी माणसासारखं, हळुवार बोलता येणार होतं!

तो बोलला. त्याचे ओठ हलले. तिच्यापर्यंत पोचली ती नुसती गुणगुण.

"हो हो," ती म्हणाली.

त्याला वाटलं, दमली असेल. दुपारी येऊन म्हणाला, "चहा आणू की कॉफी?"

"हो हो."

तो हसला, दोन्ही घेऊन आला. तिनेही हसून दोन्ही प्याले संपवले, करणार काय? दुसऱ्या दिवशी त्याने काही गमतीचं सांगितलं, ती उशिराने हसली. तिसऱ्या दिवशी काही गंभीर सांगितलं, तेव्हाही हसली. मिस्त्री कोड्यात पडला. धडधड होती तेव्हा शब्दाला शब्द देणारी ही पोरगी मशीन सुधारल्यापासून अशी परक्यासारखी का वागते? काम झालं, आता मिस्त्री नको, असं तर नाही?

चौथ्या दिवशी त्याची हत्यारांची पेटी भरलेली होती. ती कपाटात टॉवेल रचत होती, पाठमोरी. ड्रायर बंद. वाफ निवलेली. लॉन्ड्रीत कधी नव्हती इतकी शांतता. तो मागे येऊन उभा राहिला. फार हळू आवाजात म्हणाला, "कंपनी मला दुसऱ्या शहरात पाठवतेय, कायमचं. पण मी नकार देऊ शकतो. इथल्या आसपासच्या मशीनांवरही माझं भागेल. म्हणजे... कारण असेल तर." मग ती वळली, आणि त्याने तिच्या डोळ्यांत बघत विचारलं, "थांबू की जाऊ?"

तिला दिसलं की त्याने काहीतरी विचारलंय. चेहऱ्यावरून कळलं की ते चांगलं आहे. आणि चांगल्या गोष्टीला माणूस काय म्हणतो?

"हो हो," ती म्हणाली, आणि तोंडभर हसली.

त्याला ते 'जा' असंच ऐकू आलं. मग मान हलवली, पेटी उचलली आणि दाराबाहेर पडला.

"ठकू!"

काउंटरवरून आत्या अशी धावत आली, की तिची चप्पल मागेच राहिली. "अगं, काय बोललीस तू त्याला?"

"काय बोलले? हो म्हटलं."

"त्याने विचारलं, थांबू की जाऊ! मी तिथून बघितलं ना, त्याच्या ओठांवर." आत्याने तिचे दोन्ही खांदे धरले. "थांबू की जाऊ याला 'हो हो' हे उत्तर आहे का गं?"

ठकूच्या हातातला टॉवेल गळून पडला. "तू इतक्या लांबून... ओठांवर?"

"मग काय करू? कानांनी किती वर्षं झाली सोडून!" आत्याचा आवाज एकदम खाली आला, पण तिने तोंड ठकूसमोर धरून एकेक शब्द सुटा उच्चारला, जसं फक्त बहिऱ्या माणसालाच बहिऱ्यासाठी जमतं. "तुझ्या आजीचं असंच होतं. माझं असंच. तुझं होतंय, हे मला केव्हाचं दिसतंय. म्हटलं, पोर आपण होऊन बोलेल. मी तरी कुठे कुणापाशी बोलले होते... आपल्याकडे साबण पोचवायला एक जण यायचा. चांगला होता. उंच. त्याने एकदा असंच याच काउंटरपाशी काहीतरी विचारलं, अगदी हळू. मी म्हटलं, हो हो. पुढच्या खेपेला साबण घेऊन दुसराच आला. कितीतरी वर्षांनी त्याच्या बहिणीने सांगितलं मला, तो काय विचारून गेला होता ते."

"काय?"

"पळ आधी! तेच विचारलं होतं. पळ!"

ठकू पळाली. अंगावर एप्रन तसाच, केसांत कापसाचा पुंजका. गल्ली संपली, चौक आला. बस, ट्रक, हॉर्न, पलीकडे रस्ता फोडणारं यंत्र. आणि त्या सगळ्या कोलाहलात बसथांब्यावर एक काळी आणि एक तपकिरी नाडी.

"बूटवाले!"

तो वळला. "अहो, तुम्ही? रस्ता बघून तरी यायचं!"

तिला स्पष्ट ऐकू आलं. कसं येणार नाही? चौकच तिच्या बाजूने होता.

"मला ऐकू कमी येतं," ती धापा टाकत ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं होतं, आणि तेही भर चौकात. "गोंगाटात येतं, शांततेत येत नाही. तुम्ही मघाशी विचारलंत ते मला ऐकूच आलं नाही. चहा-कॉफीचंही नाही. तो विनोद, तोही नाही!"

 मग त्याने कपाळावर हात मारला. "म्हणजे मीच मशीन दुरुस्त करून माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला!"

तिला हसू फुटलं. त्यालाही.

"जाऊन बोल्ट सैल करू का? एका मिनिटाचं काम आहे. पहिल्यासारखं धडधडेल."

"नको हो. माझ्यासाठी जगाने किती दिवस खडखडत राहायचं?"

तो एक पाऊल जवळ आला. मग म्हणाला, "पुन्हा विचारू? इथेच?"

"नको." तिने मान हलवली, आणि आता तिचे डोळे भरले होते. "इथे तर मला कंडक्टरचंही ऐकू येतं. हा प्रश्न मला शांततेत ऐकायचाय. ज्या आवाजात तुम्ही विचारला होतात, त्याच आवाजात. तोवर... जा तुम्ही."

"आणि कंपनीला काय सांगू?"

"सांगा, प्रश्न विचारलाय, उत्तर यायचंय."

बस आली. तो चढला, आणि खिडकीतून बघत राहिला. एवढ्या लोकांत, एवढ्या मोठ्याने आपलं उणं सांगायला छाती लागते, असं त्याच्या मनात येत होतं. त्याने मोठमोठी मशीनं उघडली होती. स्वतःला असं उघडणारं माणूस पाहिलं नव्हतं.

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे आत्या आणि भाची दोघी गेल्या. बाईंनी आधी आत्याला विचारलं, "तुम्हाला कधीपासून हा त्रास आहे?"

"हो हो," आत्या म्हणाली.

बाई हसल्या. मग त्यांनी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे चिमट्यासारखा धातूचा काटा, झंकारून ठकूच्या कानाजवळ धरला. मग त्याचं बूड कानामागच्या हाडाला टेकवलं. "कुठे जास्त ऐकू येतं?"

"हाडावर! कितीतरी जास्त." आणि ठकू एकदम उद्गारली, "स्क्रूड्रायव्हर!"

ते ऐकून बाईंनी चष्मा काढला, सगळी हकिगत विचारून घेतली आणि म्हणाल्या, "तुमच्या मिस्त्रीने अर्धी तपासणी करून ठेवलीये." आणखी तपासण्या झाल्यावर त्यांनी कागदावर चित्र काढलं. कानाच्या पडद्यामागे एकाला एक जोडलेली तीन इवलीशी हाडं. आवाज त्यांच्यावरून आत जातो. त्यातलं शेवटचं, घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचं, ठकूच्या कानात जागच्या जागी रुतत चाललं होतं. आतली नस शाबूत होती, म्हणून हाडावाटे आवाज पोचत होता.

"रस्ते तीन आहेत," बाई म्हणाल्या, "आणि तिन्ही इज्जतीचे. काही न करता नियमाने तपासत राहणं, हा एक. श्रवणयंत्र लावणं, हा दुसरा. त्यात धोका नाही, आणि तुमच्यासारख्या कानाला ते छान साथ देतं. तिसरं ऑपरेशन. ते रुतलेलं हाड काढून तिथे तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान दांडी बसवायची. बहुतेकांना चांगलं ऐकू येतं. काहींना फारसा फरक पडत नाही. आणि शंभरात एखाद्याचं, त्या कानात होतं तेवढंही जातं. हे मी लपवणार नाही. म्हणून दोन्ही कान एकदम करत नाहीत. घाई काहीच नाही. आधी यंत्र लावून बघा."

दोघींनी यंत्रं लावून बघितली. आत्याला ती पहिल्या दिवशीच चढली! "अगं, हा फ्रिज इतका बोलतो?" ... "माझी चप्पल वाजते, कुणी सांगितलं का नाही?" ती आरशासमोर उभी राहून यंत्र दाखवायची, जसं कुणी नव्या कुड्या दाखवाव्यात. "माझं ठरलं. या वयात कानात खोदकाम नको. मला हे पुरे."

ठकूलाही यंत्राने पुष्कळ दिलं. पण दिवसभर वाफ, घाम, ओल. यंत्र वरचेवर काढून पुसून वाळवावं लागे. कामाच्या वेळी ते डबीत आणि ती पुन्हा "हो हो" वर. शिवाय मनात तो शंभरातला एक घर करून बसला होता.

सुट्टीला मिस्त्री भेटायला आला. दवाखान्याच्या बाहेर बाकावर दोघं बसली. यंत्र लावल्यावरही तो तिच्या समोर तोंड करून बोलायचा. ओठांवरून हात, मफलर, काही येऊ द्यायचा नाही. न सांगता शिकला होता.

"शंभर चादरींत एखादी फाटतेच," ती म्हणाली. "ती एक कुणाची तरी असतेच ना? तुम्ही सांगा, काय करू?"

त्याने मान हलवली. "मशीन असतं तर लगेच सांगितलं असतं. कान तुमचा आहे."

"सगळे असंच म्हणतात."

"मग एवढंच सांगतो. यंत्र लावलंत, ऑपरेशन केलंत, यातलं काही केलं नाहीत... माझा प्रश्न तोच राहील. गरज पडली तर हातांनी विचारेन. शिकायला लागलोय."

आणि त्याने खरंच हात वर केले, थोडं अडखळत बोटं फिरवली. "हे 'थांबू'. आणि हे... थांबा, हे बहुतेक 'कॉफी' झालं."

ती इतकी हसली की बाकावरचं कबूतर उडालं. आणि त्या हसण्यात तिच्या मनावरचा दगड कुठे गेला, कळलंच नाही. भीती होती ती त्याला गमावण्याची. पण तो तर कुठेच जाणार नव्हता, मग कानाचं काहीही होवो. आता निर्णय त्याच्यासाठी नव्हता. तिच्या स्वतःसाठी होता. आणि स्वतःसाठी तिला काय हवं होतं? तिला निरूपणातली ती शेवटची ओळ हवी होती.

"उजवा कान करायचा," ती म्हणाली. "तोच जास्त अधू आहे. डाव्याला यंत्र आहेच."

ऑपरेशनच्या सकाळी आत्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "हाड देवाचं, आणि डॉक्टरांचा हातही देवाचाच. त्याचं त्याला बघू दे."

नंतरचे दिवस काही गोडगुलाबी नव्हते. खोली गरगरायची. जिभेच्या एका बाजूला किल्ली चोखल्यासारखी चव. जड उचलायचं नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही. कानात बोळा, त्यामुळे ऐकणं आलं की गेलं, काहीच कळेना. आत्या वरून देवाला आणि खालून डॉक्टरांना प्रश्न विचारून हैराण करत होती.

बोळा काढायच्या दिवशी बाईंनी चिमट्याने तो हळूच ओढला. आधी समुद्रासारखा एक लोट आला. मग काहीतरी करकरलं.

"हे काय वाजलं?"

"माझी खुर्ची," बाई म्हणाल्या. नेहमीच्या आवाजात. अगदी साध्या, हळू, नेहमीच्या आवाजात.

ठकूने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

कान स्थिरावायला आणखी काही आठवडे गेले. चमचा बशीवर पडला तरी दचकायची. मग एका संध्याकाळी ती आत्याबरोबर त्या सभागृहात गेली. वृद्ध गायक आता जास्तच थकले होते. शेवटी आवाज उतरवला तो जवळजवळ श्वासाइतका. ठकू डोळे मिटून ऐकत होती. ते म्हणाले, "त्याने हाक मारलेलीच असते. आपण तेवढं वळायचं." तिने आत्याचा हात घट्ट दाबला, आणि आत्याने तिचा. दोघींना एकदम कळलं होतं.

मिस्त्री आला तो सुट्टीच्या दिवशी. सगळी मशीनं बंद. उंच खिडक्यांतून ऊन तिरपं आत आलेलं, आणि टेबलावर एकच चादर राहिलेली. ती मुद्दाम ठेवली होती, हे सांगायला नकोच. ठकूने डाव्या कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं. आज उजव्याची पाळी होती.

तो नळावर गेला. हात धुतले. पाण्याचा आवाज, साबणाचा बुडबुडा फुटल्याचाही आवाज... की तो भास? त्याने दोन टोकं धरली. ताणली, झटकली. कापडाचा फडफडाट झाला आणि विरला. दोघं एकमेकांकडे चालत आली.

पहिली घडी. टोकाला टोक मिळालं.

दुसरी घडी. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता.

मग तिने टोकं हातात घेतली आणि पाठ फिरवली, मुद्दाम. ओठ दिसायला नको होते.

मागून तोच आवाज आला, फार हळू. "थांबू की जाऊ?"

ती लगेच वळली नाही. एवढे दिवस वाट पाहिलेली ती पाच अक्षरं तिने कानात नीट उतरू दिली. तेवढ्यात टॉवेलांच्या कपाटामागून बारीक शिट्टी वाजली. कूंऽऽ!

"आत्या," ठकू न वळताच म्हणाली, "तुझं यंत्र शिट्टी मारतंय."

"मी इथे नाहीच आहे!" कपाटामागून उत्तर आलं. "तू उत्तर दे आधी. नीट दे!"

ठकू वळली. त्याच्या गालावर आज ग्रीस नव्हतं. तरी तिने तिथे बोट टेकवलं, जिथे पहिल्या दिवशी होतं. आणि त्याच्याइतक्याच हळू आवाजात म्हणाली, "थांब."

तो गोंधळला. आजवर ती त्याला 'अहो' म्हणत आली होती. मशीनांत अर्धं आयुष्य गेलेले त्याचे कान. शेवटचा काना होता की नव्हता, त्याला खात्री वाटेना. पण चेहरा उजळत चालला होता.

"काय म्हणालात? थांबा... की थांब?"

तिने शेवटची घडी घातली, चादर त्याच्या हातात ठेवली आणि डोळे मिचकावले.

"हो हो."

आणि कपाटामागे, कपाटापुढे, तिघंही हसली. एकाच वेळी, एक क्षणही उशीर न करता.